बजेटचं नंतर बघू, आधी हॉलची किल्ली

ताई, सलाम.

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: नगर रस्त्यावर तुमची मराठी ख्रिस्ती मंडळी, म्हणजे चर्च, आहे. विमाननगर-खराडीत ईशान्येकडची मुलंमुली भाड्याने राहतात, आफ्रिकेतून शिकायला आलेले विद्यार्थी आहेत, वाघोलीकडे बांधकामांवर झारखंड-ओडिशाचे मजूर आहेत. मंडळीचा कारभार बघणाऱ्या पास्टोरेट कमिटीने ‘आउटरीच’साठी, म्हणजे अशा बाहेरच्या लोकांपर्यंत पोचण्यासाठी, रक्कम मंजूर केली आहे आणि आता इंग्रजी उपासना सुरू करायची की नाताळात मैदानावर मोठा कार्यक्रम घ्यायचा यावरून दोन तट पडलेत.

माझं मत विचाराल तर यंदा दोन्ही नको. का ते सांगतो. जरा लांबेल.

पुण्यात राहून या विषयावर बोलायचं तर पंचहौद मिशनच्या चहापासून सुरुवात केलेली बरी. ऑक्टोबर १८९० मध्ये गोपाळराव जोशींनी, म्हणजे डॉ. आनंदीबाईंच्या यजमानांनी, गावातल्या नामवंतांना गुरुवार पेठेतल्या मिशनमध्ये व्याख्यानाच्या निमित्ताने जमवलं. न्यायमूर्ती रानडे, लोकमान्य टिळक, गोखले सगळे होते. भाषणं झाली, चहा-बिस्किटं आली. कुणी चहा घेतला, कुणी मान राखायला कप नुसता हातात धरला. मग गोपाळरावांनीच हजर असलेल्यांची नावं ‘पुणे वैभव’ या वृत्तपत्रात छापून आणली आणि गावात ग्रामण्य, म्हणजे जातीबाहेर टाकण्याचं प्रकरण, उभं राहिलं. प्रकरण शंकराचार्यांपर्यंत गेलं. रानड्यांसारख्या माणसाला शेवटी १८९२ मध्ये प्रायश्चित्त घ्यावं लागलं.

ही गोष्ट आपल्याकडे सनातन्यांची फजिती म्हणून सांगतात. मी ती यजमानांच्या बाजूने वाचतो. मिशनवाल्यांनी वावगं काहीच केलं नव्हतं. दारी आलेल्याला चहा विचारला. पण त्या कपाची किंमत मोजली ती पाहुण्यांनी. परक्या समाजातल्या माणसाला बोलावताना मंडळीने पहिल्यांदा हेच विचारायला हवं: याने आपलं बोलावणं स्वीकारलं तर त्याला काय भरावं लागेल, आणि त्यातलं आपण किती उचलणार आहोत? मैदानावरच्या नाताळ कार्यक्रमात हा हिशोब कुणी मांडत नाही. स्टेज, साउंड, बिर्याणी, मग फेसबुकवर फोटो. त्या फोटोत शेजारच्या सोसायटीतल्या हिंदू काकू दिसतात आणि दुसऱ्या दिवशी त्यांना घरात आणि लिफ्टमध्ये उत्तरं द्यावी लागतात. एकशेतीस वर्षांत ‘पुणे वैभव’ची जागा व्हॉट्सअॅपने घेतली, एवढाच फरक. म्हणून आमच्याकडे नियम आहे की बाहेरून आलेल्यांचे फोटो काढायचे नाहीत. त्यांनी स्वतः काढले तर त्यांची मर्जी.

आता तुमच्या भोवतालच्या एकेका गटाकडे येतो, कारण ‘इतर संस्कृतीचे लोक’ असा एक गठ्ठा करून काम होत नाही.

ईशान्येकडची मुलं. कमिटीत कुणीतरी हमखास म्हणेल, यांना सुवार्ता, म्हणजे ख्रिस्ताचा संदेश, सांगायची. अहो, नागालँड आणि मिझोराममध्ये २०११ च्या जनगणनेप्रमाणे शंभरातले सत्त्याऐंशी-अठ्ठ्याऐंशी लोक ख्रिस्ती आहेत. नागांमध्ये बॅप्टिस्ट मिशनचे क्लार्क साहेब १८७२ मध्ये पोचले. या मुलांची चौथी-पाचवी पिढी चर्चमध्ये वाढली आहे, चार आवाजांत गाणं त्यांना संडे स्कूलपासून येतं. त्यांना सुवार्ता सांगायला निघणं म्हणजे आळंदीकराला हरिपाठ शिकवायला जाणं. त्यांच्या अडचणी वेगळ्या आहेत. एक तर गायला जागा नाही. आओ, सुमी, तांगखुल, मिझो, प्रत्येकाची आपल्या भाषेतली छोटी फेलोशिप, म्हणजे प्रार्थनेला जमणारा गट, असते. ती फ्लॅटमध्ये भरली की गिटार वाजल्यावर सोसायटीचे चेअरमन दार ठोठावतात. आणि तुमचा हॉल रविवारी दुपारी बारानंतर कुलूप लावून बंद असतो.

तो हॉल द्या. भाडं घेऊ नका, वीजबिलापुरतं काय ते ठरवा. मुख्य म्हणजे किल्ली त्यांच्यातल्या एका जबाबदार माणसाकडे द्या. दर रविवारी शिपायाला फोन करून दार उघडून घ्यावं लागणं आणि स्वतःच्या हाताने उघडणं, यात फार अंतर आहे. आमच्या कमिटीत किल्लीवरून जेवढी चर्चा झाली तेवढी छपराच्या दुरुस्तीवरही झाली नव्हती. काही मोडलं तर? मोडलं तर भरून देतील, तसंही आपल्या तरुण संघाने दोन पंखे मोडलेच होते.

स्वयंपाकघरही द्या, आणि इथे महिला मंडळाशी आधी बोलून घ्या. अखुनी, म्हणजे आंबवलेलं सोयाबीन, शिजायला लागलं की वास जिन्यापर्यंत येतो. भाड्याच्या घरांतून या मुलांना जी बोलणी बसतात त्यातली बरीच या वासावरून असतात. आमच्याकडे प्रीतिभोजनाला एका तांगखुल मुलीने धुरावलेल्या डुकराच्या मटणाचा रस्सा आणला होता. कुणीतरी तो टेबलाच्या पार टोकाला सरकवला आणि वर झाकण घट्ट बसवलं. पोरगी बघत होती. जालन्याकडच्या आमच्या एक आजी आहेत, त्या ताट घेऊन थेट तिकडे गेल्या, झाकण काढलं, भाकरीचा तुकडा मोडून बुडवला आणि म्हणाल्या, “आपल्या सुकटीपेक्षा वास कमीच आहे की गं. मिरची कुठली ही?” त्यानंतर पातेलं मधोमध आलं. आता आजींसारखं माणूस ठराव करून मिळत नाही हे खरं. पण तुमच्याकडेही अशी एखादी असेल, तिला पुढे करा. कमिटीचं अध्यक्षपद तिला नको असतं, तेही बरंच आहे.

अडीअडचणीच्या वेळी काय होतं तेही सांगतो. ऑगस्ट २०१२ मध्ये अफवा उठल्या आणि ईशान्येकडची मुलं घाबरून पुणे स्टेशनवर गाड्यांसाठी लोटली, ते ज्यांनी पाहिलंय ते विसरणार नाहीत. तेव्हा ज्यांची एखाद्या मराठी घराशी ओळख होती ती मुलं आधी तिथे फोन करत होती, खरं काय ते विचारायला. दुसरं, अपघातात किंवा आजारात एखादं मूल गेलं तर पार्थिव दिमापूर किंवा ऐझॉलला विमानाने पाठवावं लागतं. मृत्यूचा दाखला, एम्बामिंगचा दाखला, पोलिसांची ना-हरकत, शवपेटी बंद केल्याचा दाखला, मग एअरलाइनच्या कार्गोकडे नोंदणी. वीस-बावीस वर्षांच्या मित्रांना हे कुठून ठाऊक असणार? आपल्या मंडळीत मात्र दफनाची व्यवस्था वर्षानुवर्षं बघणारी दोन माणसं असतातच. त्यांचे नंबर त्या फेलोशिपच्या सेक्रेटरीकडे आजच देऊन ठेवा. याला बजेट लागत नाही.

मजुरांचं वेगळं. झारखंडकडून आलेल्या उराँव, मुंडा, खडिया लोकांत पुष्कळ जण आधीपासून ख्रिस्ती आहेत. रांचीत गॉस्नर मिशनचे लोक १८४५ मध्ये आले, पुढे कॅथलिक आले. म्हणजे तुमच्या शेजारच्या साइटवर विटा वाहणारी बाई कदाचित तुमच्या-माझ्या घराण्याइतकीच जुनी ख्रिस्ती असेल. पण तिला आपली उपासना जमत नाही. रविवारी सुट्टी मिळालीच तर अर्धा दिवस, त्यात बाजार आणि धुणं, आणि साडीतल्या बायकांच्या रांगेत कामाच्या कपड्यांनी बसायला संकोच. आपण सकाळी साडेआठच्या उपासनेला बोलावतो आणि म्हणतो की येत नाहीत. संध्याकाळी ठेकेदाराची परवानगी घेऊन लेबर कॅम्पवर जा. त्यांच्याकडच्या सादरी भाषेतली गाणी त्यांनाच म्हणू द्या, तुम्ही टाळ्या धरा. पाळकसाहेबांनी, म्हणजे तुमच्या पास्टरनी, हिंदीत दहा मिनिटं बोललं तर पुरे.

एक मात्र कटाक्षाने पाळा. कॅम्पवर घोंगड्या, औषधं, मुलांच्या वह्या द्यायच्या तर सरसकट सगळ्यांना द्या. त्यात हिंदू असतील, मुसलमान असतील, सरना हा आदिवासींचा धर्म मानणारे असतील. आणि ज्या दिवशी वाटप त्या दिवशी उपदेश नाही, पत्रक नाही, नावांची यादी नाही. मदत आणि उपदेश एका पिशवीत घालायचे नाहीत. घटनेच्या २५ व्या कलमाने आपल्याला धर्म सांगण्याचा अधिकार दिला आहे. स्टॅनिस्लॉस खटल्यात १९७७ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने त्याची मर्यादाही सांगितली: सांगण्याचा हक्क आहे, दुसऱ्याला धर्मांतरित करण्याचा हक्क त्यात येत नाही. पण कायदा बाजूला ठेवला तरी, घोंगडी हातात घेऊन प्रार्थनेला डोळे मिटणारा माणूस काय मनाने डोळे मिटतो हे आपल्याला कळायला नको? ज्याला ख्रिस्ताविषयी ऐकायचं असेल तो विचारतो. तेव्हा मोकळेपणाने सांगा, लपवाछपवी करू नका.

आफ्रिकी विद्यार्थ्यांबद्दल थोडक्यात. सगळे ख्रिस्ती असतील असं धरून चालू नका, सुदान-सोमालियाची मुलं बहुधा मुसलमान असतात. जेवायला बोलावलं तर काय चालतं ते आधी विचारा. त्यांची खरी रड घराची असते. परदेशी भाडेकरू ठेवला की घरमालकाला चोवीस तासांत ऑनलाइन नोंद करावी लागते, ते किचकट वाटतं म्हणून मालक नाहीच म्हणतात. तुमच्या मंडळीत फ्लॅट भाड्याने देणारे लोक आहेत ना? त्यांना बसवून ती नोंद करून दाखवा. दोघांनी जरी घरं दिली तरी तुमच्या सगळ्या कार्यक्रमांपेक्षा ते जास्त होईल. आणि इथेच तुमच्या मंडळीची खरी परीक्षा आहे, कारण उपासनेत शेजारी बसवायला कुणाची ना नसते.

काही जण म्हणतील, एवढं करण्यापेक्षा सगळ्यांना आपल्यात सामावून घेऊ, ख्रिस्ती कवी ना. वा. टिळकांचे अभंग शिकवू. टिळकांचं मला कौतुक आहे, आमच्या घरी रोज म्हटले जातात. पण टिळकांनी मराठी माणसापुढे अभंग ठेवला तो अभंग त्या माणसाचाच होता म्हणून. तोच न्याय लावला तर तांगखुल मुलांनी तांगखुलमध्येच गायला हवं. शिवाजीनगरच्या ख्रिस्त प्रेमसेवा आश्रमाची सुरुवात बघा. इंग्रज मिशनरी विन्स्लो साहेबांच्या संघात १९२७ मध्ये व्हेरियर एल्विन हे तरुण इंग्रज आले. इंग्रज माणसं खादी घालत होती, जमिनीवर बसून जेवत होती. अवघडल्या मांड्या यजमानांच्या होत्या. आणि आपल्याला तरी इथे जागा कुणी दिली? क्वार्टर गेटजवळच्या सिटी चर्चची जमीन १७९२ मध्ये सवाई माधवरावांच्या काळात पेशव्यांनी दिली, त्यांच्या फौजेतल्या गोव्याकडच्या ख्रिस्ती लोकांसाठी. पुण्यातला ख्रिस्ती माणूस मुळात परगावचा पाहुणा. तुम्ही-आम्ही नगर, जालना, संगमनेरहून आलो तेव्हाही आपल्याला कुणी तरी खोली दिलीच होती.

आता इंग्रजी उपासना. सुरू केली तर तिला पहिले कोण येईल ठाऊक आहे? आयटीतली मल्याळी-तमिळ कुटुंबं, आणि तुमचीच इंग्रजी शाळेतली मुलं. मराठी उपासनेला उरतील साठीपुढचे. ते वाईटच असं नाही, पण त्याला आउटरीच म्हणू नका, तो तुमच्या घरातला वेगळा प्रश्न आहे आणि त्यावर वेगळी बैठक घ्या. हॉल वापरणारी मुलं वर्षभराने स्वतःहून म्हणाली की महिन्यातून एकदा एकत्र उपासना करू, तर करा, आणि तिची आखणी त्यांच्या हातात द्या. तुमचे वादक त्या दिवशी मागे बसतील. तक्रारी होतील, होऊ द्या.

सदस्यत्वाचा प्रश्न निघेल. तुम्ही चर्च ऑफ नॉर्थ इंडियात आहात असं प्रश्नावरून दिसतं. ईशान्येकडच्या मुलांतली नागा मुलं बहुतेक बॅप्टिस्ट, मोठेपणी बुडवून बाप्तिस्मा घेणारी. त्यावरून कुणी वाद घातला तर सांगा की २९ नोव्हेंबर १९७० रोजी नागपूरला ज्या सहा चर्चेसचं एकीकरण झालं त्यात बॅप्टिस्टही होते, आणि बाप्तिस्म्याच्या दोन्ही पद्धती तेव्हाच मान्य झाल्या. मतदानाचा हक्क नसला तरी फेलोशिपचा एक प्रतिनिधी कमिटीच्या बैठकीला निमंत्रित म्हणून बसवा. हॉलचं वेळापत्रक त्याच्या समोर ठरू दे, पाठीमागे नको.

राहिली मंजूर रक्कम. दोन मोठी पातेली, एक जादा गॅस जोडणी, हॉलच्या खिडक्यांना आवाज अडवणारे जाड पडदे आणि वर्षभराचं वाढीव वीजबिल, एवढ्यात ती बहुतेक संपेल. उरलं तर कॅम्पवर जाण्यायेण्याच्या रिक्षाला ठेवा. परदेशी वक्ता बोलावून सभा घ्यायची सूचना कुणी आणलीच तर आधी त्याचा व्हिसा कोणता ते विचारा. टुरिस्ट व्हिसावर आलेल्या पाहुण्याला धर्मप्रचार करता येत नाही आणि अडचणीत येते ती बोलावणारी मंडळी. ठरावाचा मसुदा हवा असेल तर कळवा, आमच्याकडचा पाठवतो. फक्त त्यातलं किल्लीचं कलम गाळू नका.