किडकी तुळई, युकुलेले आणि बारावीनंतरचं वर्ष

प्रिय ताई,

कसब्यातला तुमचा वाडा पाडला तेव्हा मुलाने सागाच्या तुळईचा एक किडका तुकडा मागून घेतला, आठ महिने खपून त्याचं युकुलेले (गिटारसारखं चार तारांचं छोटं वाद्य) केलं आणि आता बारावीनंतर वाद्यंच बनवायची म्हणतोय. वडिलांना इंजिनिअरिंग हवंय. 'किडक्या लाकडावर पोराचं आयुष्य उभं राहील का?' असं तुम्ही विचारलंय.

तुम्ही पाठवलेले फोटो मोठे करून पाहिले. पाठीच्या फळीवर टाचणीच्या डोक्याएवढी भोकं आहेत, पण ती सगळी एकाच फिक्या पट्ट्यात. भुंगा सालीलगतचं पांढरं लाकूड खातो, कारण त्यात स्टार्च असतो. आतला तेलकट गाभा त्याने सोडलाय. मुलाने ती भोकं भुसा-सरसाने बुजवून फळी पाठीला लावली, आणि दांड्याला मात्र निखळ गाभ्याचं लाकूड घेतलं. ताई, ही समज त्याची स्वतःची असेल तर मला फार आनंद आहे. स्टीलच्या तारांच्या गिटारवर सगळ्या तारांचा मिळून 70 किलोच्या आसपास ताण असतो. पोखरलेला दांडा तिथे टिकत नाही. पाठीचं तसं नाही. स्पेनच्या आंतोनियो दे तोर्रेस यांनी 1862 मध्ये पाठ आणि बाजू चक्क कागदाच्या लगद्याच्या करून गिटार बनवली होती. वरची फळी तेवढी चांगल्या लाकडाची ठेवली, कारण आवाजाचं मुख्य काम तीच करते.

त्याला एक मात्र विचारा: कीड मेली आहे याची खात्री केली होती का? भोकांवर पातळ कागद चिकटवून काही महिने थांबायचं. कागदाला नवं भोक पडलं किंवा खाली ताजी भुकटी सांडली, तर आत अळी जिवंत आहे. मग लाकूड पार मध्यापर्यंत 56 अंश सेल्सिअसवर अर्धा तास तापवावं लागतं. परदेशी माल पाठवायच्या लाकडी खोक्यांनाही हाच नियम आहे. ही खात्री न करता वाद्य विकलं, तर गिऱ्हाइकाच्या घरातल्या फर्निचरलाही कीड लागू शकते.

आता शिक्षण. मन नसताना इंजिनिअरिंगला घालू नका. आयटीआयचा कारपेंटर ट्रेड एक वर्षाचा आहे, तो करू दे. सांधे, रंधा, पटाशीची धार हे शिस्तीने शिकल्याशिवाय पुढे जाता येत नाही. पदवीची काळजी असेल तर मुक्त विद्यापीठातून बी.कॉम. सोबत होईल. त्यानंतर दोन-तीन वर्षं एखाद्या कारागिराच्या हाताखाली. सुरुवातीचा पैसा नव्या वाद्यांतून येत नाही, दुरुस्तीतून येतो: सुटलेली घोडी (तारा जिच्यावर टेकतात ती पट्टी), सैल खुंट्या, तंबोऱ्याची जवारी (घोडीचा माथा घासून आवाज खुलवणं), पावसाळ्यात उकललेले सांधे. पुण्यात गाणं शिकणारी घरं इतकी आहेत की हात चांगला असेल तर काम मिळतं. जुन्या लाकडाची वाद्यं ही त्याची खासियत होऊ शकेल, पण पोट भरायला आधी दुरुस्ती.

वडिलांची भीती खोटी नाही. पहिली काही वर्षं ओढाताणीची जातील, हे मुलासमोर स्पष्ट बोला.

सुट्टीत तिघं मिळून मिरजेला जा. तिथल्या सतार-तंबोऱ्यांना 2024 मध्ये भौगोलिक मानांकन मिळालंय. सतारमेकर गल्लीत युकुलेले दाखवा. कारागीर पाठीवर टिचकी मारून काय म्हणतात, ते वडिलांना स्वतःच्या कानांनी ऐकू द्या.