उन्हाळ्यात ढिला झालेला सायकलचा स्टँड आवळू नका

आपला प्रश्न मी दोनदा वाचला, कारण तीन वर्षांपूर्वी हेच रडगाणे मी स्वतः जो भेटेल त्याला सांगत होते. आपण दारव्हा तालुक्यातल्या एका गावात भाड्याच्या स्लॅबच्या घरात राहता, घरमालक भिंतीला छिद्र पाडू देत नाहीत, म्हणून जमिनीपासून छतापर्यंत ताणून बसणारा, दोन सायकली टांगायचा स्टँड आपण गेल्या सप्टेंबरात घेतला. तेव्हा तो खांबासारखा घट्ट होता, आता मार्चमध्ये तो बोटाने हलतो, आणि विक्रेता सांगतो की अजून आवळा. आवळू नका. निदान हे सगळे वाचून होईपर्यंत तरी पाना बाजूला ठेवा.

मी अभियंता नाही, अंगणवाडी सेविका आहे. जे सांगते आहे ते आमच्या एका घरात घडलेले, आणि नंतर गावातल्या जुन्या मिस्त्रींकडून समजून घेतलेले आहे. आपल्या घराचे बांधकाम वेगळे असेल तर माझे म्हणणे तपासूनच घ्यावे. दांड्याच्या दोन्ही टोकांचे रबरी तळवे पुसून घेणे, दांडा ओळंब्यात उभा करणे, छताच्या प्लास्टरवर टिचकी मारून ते पोकळ वाजत नाही ना हे पाहणे, एवढे आपण केलेच असेल असे धरून चालते.

आमचे घरही भाड्याचे, वर्धा जिल्ह्यात, आर्वीच्या बाजूला, काळ्या जमिनीत उभे आहे. घरात तेव्हा तीन सायकली होत्या: सासऱ्यांची जुनी काळी, माझी गिअरची, आणि मुलीला आठवीत सरकारच्या मानव विकास कार्यक्रमातून शाळेत मिळालेली. कोठ्यात ठेवल्या तर घूस सीट कुरतडते, अंगणात ठेवल्या तर वैशाखाच्या उन्हाने टायरला भेगा पडतात आणि पंक्चरचे ठिगळ आपसूक सुटून येते. सपरीत, म्हणजे पुढच्या पडवीत, एकीला एक टेकवून ठेवल्या तर सकाळी पहिली काढताना उरलेल्या दोन्ही पायावर येतात. म्हणून स्टँड मागवला. तो पोळ्याच्या आठवड्यात आला आणि मी तो सपरीच्या समोरच्या कोपऱ्यात, स्लॅब आणि टाइल्स यांच्या मध्ये बसवला. वर मुलीची सायकल, खाली माझी. सासऱ्यांनी स्वतःची सायकल टांगू द्यायला साफ नकार दिला, आणि पुढे जे झाले ते पाहता घरात तेवढेच एक माणूस शहाणे होते असे म्हणावे लागते.

फेब्रुवारी संपता संपता दांडा हलू लागला. हा स्टँड कशाच्या जोरावर उभा असतो ते इथे समजून घेतले पाहिजे. सायकल दांड्यापासून फूट-दीड फूट बाहेर लटकते, त्यामुळे वजन पेलण्यापेक्षा कलण्याचा धोका त्याला अधिक असतो, आणि वरचा तळवा छताला दाबून धरलेला आहे तोवरच घर्षणाने तो जागेवर राहतो. माझा स्टँड स्क्रूचा होता, त्यात स्प्रिंग नव्हती. लोखंडी दांडा जवळजवळ दबत नाही, जे काही दबायचे ते दोन रबरी तळव्यांत, म्हणजे एक-दोन मिलिमीटर. जमीन आणि छत यांतले अंतर तेवढे वाढले की सगळा दाब संपतो, मग बाहेरून कितीही भक्कम दिसो, तो दांडा नुसता उभा केलेला असतो.

मी विक्रेत्याच्या तक्रार केंद्राला फोन केला. त्यांनी एका वाक्यात सांगितले की रबर बसले असेल, आवळा. रबर बसते हे खरे आहे, म्हणून मला ते पटले. मग दर रविवारी मी पान्याने पाव फेरा आवळत गेले. होळीला आवळला, गुढीपाडव्याला आवळला, मेच्या शेवटापर्यंत आवळला, आणि प्रत्येक वेळी तो घट्ट झाला की आपल्याला हे काम जमते याचे समाधान वाटत राहिले. माझी चूक ती हीच. दांडा का ढिला होतो हे एकदाही न विचारता मी तीन महिने फक्त आवळत राहिले.

जूनमध्ये पाऊस लागला. जुलैत एका रात्री, साधारण अडीचच्या सुमारास, सपरीत असा आवाज झाला की सासरे रानडुक्कर शिरले म्हणून काठी घेऊन उठले. दिवा लावला तेव्हा दांडा मधल्या सांध्यातून कोपरासारखा वाकून आडवा झालेला होता, छताच्या प्लास्टरचा परातीएवढा पोपडा खाली आला होता, आणि बुडाखालच्या टाइलला कोपऱ्यापासून कोपऱ्यापर्यंत तडा गेला होता. माझ्या सायकलीचा मागचा गिअर आत वाकला. मुलीच्या सायकलीचे हँडल बियाण्यासाठी राखून ठेवलेल्या तुरीच्या कट्ट्यात घुसले आणि कट्टा फाटून तूर सपरीभर झाली. मुलगी त्या कोपऱ्यापासून चार हातांवर झोपली होती. त्या चार हातांचा विचार मनात आला की आजही पोटात कालवते.

दुसऱ्या दिवसापासून तक्रार केंद्राशी फोनाफोनी सुरू झाली. पहिल्यांदा त्यांनी फोटो मागितले, ते दिले. मग मूळ खोके मागितले, त्यावरच्या छापील पट्टीसह. दहा महिन्यांपूर्वीचे खोके कोणाच्या घरी जसेच्या तसे असते? आमच्या खोक्यात कोंबडी अंड्यांवर बसवली होती, आणि ती पट्टी तिने केव्हाच टोचून काढली होती. मग मला विचारण्यात आले की स्टँड जास्त आवळला होता का. होय म्हटले, तुम्हीच सांगितले होते. त्यावर उत्तर आले की फोनवर दिलेल्या सूचनांची नोंद त्यांच्याकडे नाही आणि घराची जमीन त्यांच्या हमीत येत नाही. हे शेवटचे वाक्य मला तेव्हा अंगावर आल्यासारखे वाटले. पुढे कळले की सगळ्या संभाषणात कामाची गोष्ट तेवढीच होती. आपण त्यांच्याशी जे काही बोलाल ते लेखी बोलावे आणि खोक्यावरच्या पट्टीचा फोटो आजच काढून ठेवावा.

कारण सापडले ते तुरीमुळे. झाडून-वेचून घेतली तरी काही दाणे टाइल्स आणि भिंतीच्या स्कर्टिंगमधल्या फटीत गेले होते. आठवड्याभराने त्याच फटीतून तुरीचे दोन कोंब वर आले. मुलगी हसत होती, मी त्यांच्याकडे पाहतच राहिले: टाइल्सखाली दाणा रुजेल अशी माती आणि अशी ओल आहे, याचाच अर्थ आमच्या जोत्यात, म्हणजे टाइल्सखालच्या भरणीत, पाण्याने न फुगणारा मुरूम नाही. मिस्त्रींना बोलावले. त्यांनी फटीत सळई घालून फिरवली आणि टोकाला चिकटून आलेली काळी माती दाखवली. पायाच्या खोदाईत निघालेलीच माती बांधणाऱ्याने जोत्यात परत भरली होती, आणि वरून स्लॅबच्या पन्हळीचे पाणी त्याच कोपऱ्याशी, जोत्याला लागून पडत होते.

काळी माती पाणी पिऊन फुगते आणि वाळली की आकसते, हे शेतात आपण सगळे पाहतो. मेमध्ये हात जाईल एवढ्या भेगा पडतात आणि मृगाच्या दोन-तीन सरींनंतर त्या मिटू लागतात. घरात तेच घडते, फक्त टाइल्सखाली झाकलेले असते. भिंतींचा पाया खोल गेलेला असतो, तिथली ओल वर्षभरात फारशी बदलत नाही, आणि स्लॅब त्या भिंतींवर टेकलेला असतो. टाइल्स मात्र जोत्याच्या भरणीवर बसलेल्या असतात. म्हणजे छत जागेवर राहते आणि जमीन ऋतूप्रमाणे वरखाली होते, उन्हाळ्यात खचते आणि पावसाळ्यात उचलते. मी पोळ्याच्या वेळी, फुगलेल्या जमिनीवर दांडा बसवला, उन्हाळ्यात अंतर वाढले म्हणून स्क्रूने ते भरून काढत गेले, आणि पाऊस आल्यावर ती जमीन मूळ जागी येऊ पाहत होती तेव्हा तिथे मी तीन महिन्यांचे फेरे भरून ठेवलेले होते. फुगणाऱ्या काळ्या मातीचा जोर भिंतींना तडे पाडतो, तिथे चार तुकडे जोडलेल्या दांड्याची काय कथा?

आपल्याकडे हेच आहे की नाही ते पाहण्यासाठी स्टँडच्या जवळच्या भिंतीशी बसा आणि टाइल्स व स्कर्टिंग यांच्यातली फट पाहा. तिच्यात एक रुपयाचे नाणे उभे जात असेल, आणि पावसाळ्यात ती फट नव्हती असे आपल्याला किंवा घरमालकांना आठवत असेल, तर आपली भरणी काळ्या मातीची आहे असे समजून चाला. फट मुळीच नसेल तर कदाचित खरोखर रबरच बसले असेल, आणि मग विक्रेत्याचा सल्ला चुकीचा ठरत नाही.

उपाय म्हणून मी जागा बदलली. सपरी आणि मधल्या खोलीत पाच फुटांचे बिनदाराचे मोकळे तोंड आहे. त्या रेषेत खाली जोत्याचा बीम आहे, त्यावर आडवा दगड आहे, आणि बरोबर वर छताचा बीम आहे. मी दांडा तिथे, कॉलमला खेटून, दगड आणि बीम यांच्या मध्ये बसवला. दोन्ही टोके पायावरच टेकली असल्याने जमीन काय करते याच्याशी दांड्याचा संबंध उरला नाही. ये-जा करताना थोडे अंग चोरावे लागते, त्यावरून सासूबाई अजून बोलतात. आपल्या घराला माडी असेल तर प्रश्नच मिटला, कारण माडीवर खालीही स्लॅब आणि वरही स्लॅब असतो, तिथे हा स्टँड खुशाल लावावा. यांपैकी काहीच शक्य नसेल तर निदान स्प्रिंगचा स्टँड घ्यावा, बसवताना स्प्रिंगला दोन्हीकडे थोडी हालचाल शिल्लक ठेवावी, बुडाखाली फूटभर चौरस जाड प्लायवूड घालावे, आणि मृग लागण्यापूर्वी व होळीच्या सुमारास असे वर्षातून दोनदा तरी दाब तपासावा. स्क्रूचा असेल तर मृगापूर्वी तो सैल करणे आवळण्याइतकेच महत्त्वाचे आहे, आणि हे कोणत्याही माहितीपत्रकात लिहिलेले मला दिसले नाही.

वजनाविषयी दोन शब्द. आपण दोन सायकली लिहिल्या आहेत, पण कोणत्या ते लिहिलेले नाही. हे स्टँड बहुधा हलक्या गिअरच्या सायकली डोळ्यांसमोर ठेवून केलेले असतात. मी घरच्या सायकली कापूस मोजायच्या टांगत्या काट्याला लावून पाहिल्या (अंगणवाडीतला काटा बालकांसाठी आहे, त्याला सायकल टांगलेली नाही, हे आधीच सांगून ठेवते): माझी 14 किलो भरली, मुलीची 18, आणि सासऱ्यांची कॅरिअर, चेनकव्हर, स्टँडसकट 22 किलोच्या वर गेली. पावसाळ्यात मडगार्ड आणि चाकामध्ये काळा चिखल गच्च बसतो, तो वेगळाच. भारी सायकल खालच्या आकड्यांवर आणि हलकी वर, आणि शक्य असल्यास दोघी दांड्याच्या दोन विरुद्ध बाजूंना, म्हणजे एकीचा कल दुसरी सावरते. मी पहिल्यांदा नेमके याच्या उलट, दोन्ही एकाच बाजूला आणि भारी वर, टांगल्या होत्या. कारण मुलीला तिची सायकल उंचावर दिसायला हवी होती.

मुलींच्या सायकलीला वरची आडवी नळी नसते, त्यामुळे ती आकड्यांवर तिरकी बसते आणि धक्का लागला की घसरते. त्यासाठी तयार आडवी नळी मिळते. मी मात्र सीटखालच्या नळीपासून हँडलच्या मानेपर्यंत जीआय (जस्ताचा मुलामा असलेल्या लोखंडी) पाइपचा तुकडा दोन क्लॅम्पनी बसवून घेतला आणि तो आजवर जागचा हललेला नाही.

आपल्या घरात एखादी खोली टिनाची किंवा कवेलूची (कौलांची) असेल आणि स्टँड तिकडे हलवायचा विचार मनात येत असेल, तर तो सोडून द्यावा. टिनाच्या खालच्या लोखंडी पाइपला दांडा टेकवून पाहिलेले लोक मला माहीत आहेत. वैशाखातल्या वादळात टिन वारा धरून उचलते आणि दांडा त्या क्षणी मोकळा होतो. टिनाखाली उष्णतेसाठी लावलेल्या थर्मोकोलच्या किंवा पीओपीच्या छताबद्दल तर बोलायलाच नको. तिथे जमिनीवर बसणारा साधा चाकाचा स्टँड बरा. आणि माझे प्रामाणिक मत विचाराल तर घर स्वतःचे असते तर मी हा दांडा घेतलाच नसता, विटांच्या भिंतीत चार बोल्ट ठोकून आकडे लावले असते. भाडेकरूला तो पर्याय नाही, म्हणून एवढे लिहिले.

दादा, आज एवढे करा. वरची सायकल खाली उतरवा आणि स्क्रूला हात लावू नका. छताला वरचा तळवा जिथे टेकला आहे त्याच्याभोवती पेन्सिलने रेघ ओढा, खाली बुडाभोवतीही ओढा, आणि त्या फटीची रुंदी तारखेसह कॅलेंडरवर लिहून ठेवा. पंधरा दिवसांनी पुन्हा मोजा. फट वाढली असेल तर जागा बदलेपर्यंत तिथे एकही सायकल टांगू नका, आणि त्या कोपऱ्यात रात्री कोणाचे अंथरूण पडत असेल तर ते आजच दुसरीकडे घाला.