बेळगाव जिल्ह्यातल्या खानापूर तालुक्यातून मराठी माध्यमात शिकले आहे. बीव्हीएस्सीसाठी, म्हणजे पशुवैद्यकाच्या पदवीसाठी, कर्नाटकातून अर्ज करू की महाराष्ट्रातून? कन्नड जेमतेम येतं.

कर्नाटकातून कर. महाराष्ट्राचं जमत असेल तर तिथूनही कर, पण कर्नाटकाचा अर्ज चुकवू नकोस. तुझ्या प्रश्नात खाली एक ओळ आहे, ‘घरचे म्हणतात तिकडे कन्नड कॉलेजात जाऊन काय करणार’. त्या ओळीसाठी मी लिहायला बसले आहे. मी नंदगड भागातली, सरकारी मराठी शाळेत शिकलेली, आणि सध्या आपल्याच जिल्ह्यात सरकारी पशुवैद्यकीय दवाखान्यात आहे. वयानं मोठी आहे म्हणून तूच म्हणते.

कागदांचं आधी सांगते. सात वर्षं कर्नाटकात शिक्षण आणि दहावी किंवा बारावी इथूनच पास, ही केईएची, म्हणजे कर्नाटक परीक्षा प्राधिकरणाची, अट तुझी पूर्ण होते. ग्रामीण कोटा १५ टक्के आहे आणि त्याला शाळेची भाषा आड येत नाही. फक्त पहिली ते दहावी सगळी वर्षं ग्रामीण भागातल्या शाळेत झालेली पाहिजेत. खानापूर गावात पट्टण पंचायत आहे, त्यामुळे आठवीपासून तिथल्या हायस्कूलला बसनं गेली असशील तर तो कोटा तुला मिळणार नाही. मराठा असशील तर ३ब हा मागासवर्गाचा गट, त्याचा दाखला नाडकचेरीत, म्हणजे महसूल खात्याच्या इथल्या ऑफिसात. राज्यघटनेतल्या ३७१(जे)च्या आरक्षणाचं कुणी सांगितलं तर ऐकून सोडून दे. ते कलम बिदर, कलबुर्गी, रायचूर त्या बाजूच्या जिल्ह्यांना आहे, बेळगावला नाही. कन्नड माध्यमाचा ५ टक्के कोटाही आपल्याला नाही, आणि याचा मला अजून राग आहे. आमची मराठी शाळा चालवतं कर्नाटक सरकार, मास्तरांना पगार देतं कर्नाटक सरकार, खेड्यातली मुलं इंग्रजीला बिचकतात तशीच आम्हीही बिचकत होतो. मग इंग्रजी माध्यमाच्या मुलांशी टक्कर देताना कन्नड शाळेतल्या मुलाला हात आणि मराठी शाळेतल्या मुलाला काहीच नाही, हे कुठल्या हिशेबात बसतं?

आता शेतकरी कोटा. हा सोडू नकोस. यात तहसीलदाराचं शेतकरी प्रमाणपत्र लागतं आणि वेगळी प्रात्यक्षिक परीक्षा असते. आमच्या घरात सगळं इथंच अडलं होतं.

आजोबा गेल्यावर आमची जमीन थोरल्या काकांच्या एकट्याच्या नावावर लागली होती. गावात अशी शेकडो घरं आहेत, थोरला म्हणून त्याचं नाव, बाकीचे भाऊ नुसतेच कसतात. बाबा जन्मभर भात लावत आले, पण उताऱ्यावर त्यांचं नाव नाही, म्हणजे कागदावर मी शेतकऱ्याची मुलगी नाही. वंशावळ काढून बाबांचं नाव लावायचं तर काकांनी तलाठ्यासमोर उभं राहून सही द्यायला हवी. काकांनी सांगितलं, देणार नाही.

काका वाईट माणूस नव्हे. सीमालढ्यात तरुणपण घातलेला माणूस आहे, मोर्च्यात लाठ्या खाल्लेल्या आहेत, एक नोव्हेंबरला काळा दिवस त्यांनी कधी चुकवला नाही. त्यांचं म्हणणं सरळ होतं. महाराष्ट्र सरकार ८६५ गावांना आपलं मानतं, तिथल्या मुलांना सवलती देतं, मग तू तिथल्या पशुवैद्यकीय कॉलेजात, शिरवळला जा, परभणीला जा, मुंबईला जा. बिदर नाहीतर शिमोग्याला जाऊन पुढं कर्नाटक सरकारची नोकरी धरणार असशील तर आम्ही इतकी वर्षं कशासाठी भांडलो? बाबा त्यांच्यापुढं बोलत नसत. मी बोलले. मी त्यांना म्हशीची आठवण करून दिली.

मी सातवी-आठवीत असताना आमची एक म्हैस आजारी पडली होती. दवाखान्यातले डॉक्टर दक्षिणेकडचे, मंड्याकडचे असावेत, नव्यानं आलेले. माणूस मनापासून काम करणारा, पण मराठीचा गंध नाही. आई रोज धार काढायची, म्हशीचं सगळं तिला माहीत. ती सांगत होती: चार दिवस वैरण कमी केलीय, रवंथ मधेच थांबवते, गोठ्यातून बाहेर काढली की चढाला नीट चालते, पण ओढ्याकडं उताराला लागली की कण्हते आणि अडून उभी राहते, पुढच्या पायांची ढोपरं बाहेर टाकते. आई हातानं करून दाखवत होती. कंपाउंडरनं हे सगळं ऐकून डॉक्टरांना कन्नडमध्ये एवढंच सांगितलं, खात नाही. डॉक्टरांनी अपचन धरून औषध दिलं. ती तीन-चार दिवसांनी मेली.

विम्याची होती म्हणून डॉक्टर स्वतः शवविच्छेदनाला आले. दुसऱ्या पोटातून, जाळीच्या पोटातून, तार आरपार काळजाकडे गेली होती, बोटभर लांबीची, पेंडीच्या पोत्याला गुंडाळतात तसली. त्यांनी ती चिमट्यात धरून बाबांना दाखवली आणि मोडक्या हिंदीत विचारलं, ही उताराला कण्हत होती का? काकांना हिंदी येतं, त्यांनी हो म्हटलं. डॉक्टर काही वेळ तसेच उभे राहिले, मग म्हणाले, मला हे कुणी सांगितलं नाही.

पुढे कॉलेजात हा आजार शिकले तेव्हा पुस्तकात तीच लक्षणं ओळीनं लिहिलेली होती. उताराला कण्हणं, ढोपरं बाहेर टाकणं, पाठ उचलून धरणं. आईनं निदान जवळजवळ करून दिलेलं होतं. ते ऐकणारा माणूस खोलीत नव्हता.

तर काकांना मी म्हटलं, तुम्ही मला शिरवळला पाठवाल, मी तिथं शिकून महाराष्ट्राची नोकरी धरीन, सातारा-सांगलीत बदल्या घेत फिरेन. आपल्या गावच्या दवाखान्यात पुन्हा मंड्याचाच डॉक्टर येणार. त्या खुर्चीवर मराठी माणूस बसवायचा असेल तर त्याला कर्नाटकाच्या रांगेतूनच जावं लागणार. ते म्हणाले, खुर्ची त्यांची आहे, बसणारा पण त्यांचाच होतो गे. हा वाद आमच्यात आजपर्यंत चालू आहे, गणपतीला घरी गेले की अजून निघतो. माझं मत तसूभर बदललेलं नाही. आपल्या भागातल्या हुशार मुलांनी कर्नाटकाची भरती सोडून दिली, म्हणून तालुक्याच्या ऑफिसांत आपल्या म्हाताऱ्या माणसांचं कुणी ऐकून घेणारं उरलं नाही. हक्काच्या जागा सोडून दिल्यानं सीमाप्रश्न एक बोटही पुढं सरकलेला नाही. तो २००४ पासून सर्वोच्च न्यायालयात आहे, आणि तोवर म्हशी आजारी पडतच राहणार.

शेवटी आजीनं त्यांना बसवलं. आजीचा मान ते मोडत नसत. तलाठ्याकडं येऊन सही केली आणि मला म्हणाले, ‘सही देतो, मत देत नाही.’ मला तेवढं पुरे होतं.

प्रात्यक्षिक परीक्षेला फार घाबरू नकोस. घरात जनावरं असतील तर तुझी अर्धी तयारी झालेली आहे. आम्हाला ओळीनं मांडलेल्या ताटल्यांत सरकी पेंड, शेंगदाण्याची पेंड, गव्हाचा कोंडा, कडबा, हत्ती गवत असले नमुने होते, आणि जनावरांची चित्रं. खिल्लार, अमृतमहल, हळ्ळीकर, देवणी आणि आपल्या कृष्णाकाठची कृष्णा व्हॅली, एवढ्या गाईबैलांच्या जाती डोळे मिटून ओळखता आल्या पाहिजेत. म्हशींत मुऱ्हा, सुरती आणि पंढरपुरी. पंढरपुरीची शिंगं खांद्याच्याही मागे जातात, ती चुकायची नाही. आपल्याकडची मुलं पेंडींत गोंधळतात, कारण आपण घरात सगळ्यालाच पेंड म्हणतो. बेळगावात पशुखाद्याच्या दुकानात एकदा तासभर उभी राहून प्रत्येक पेंड हातात घेऊन बघ, वास घे.

सीईटीचा, म्हणजे कर्नाटकाच्या प्रवेश परीक्षेचा, पेपर इंग्रजी आणि कन्नडमध्ये असतो, मराठीत नसतो. पीयूसीला, म्हणजे अकरावी-बारावीला, तू इंग्रजीतच शिकते आहेस, त्यामुळे त्याची काळजी नको. रँकमध्ये बारावीचे मार्कही धरतात, म्हणून सीईटीच्या क्लासपायी बोर्डाच्या बायॉलॉजीकडे पाठ फिरवू नकोस. नीटची परीक्षा मात्र दे, आणि ती हवी तर मराठीत दे. देशभरातल्या कॉलेजांतल्या १५ टक्के जागा नीटवर भारतीय पशुवैद्यक परिषदेमार्फत भरतात, आणि महाराष्ट्रात माफसूचे, म्हणजे तिथल्या पशुवैद्यकीय विद्यापीठाचे, प्रवेशही नीटवरच होतात. एका परीक्षेत दोन दारं होतात, मग का सोडायची?

कन्नडचं म्हणशील तर कॉलेजात शिकवणं इंग्रजीत असतं. हॉस्टेलवर सुरुवातीला अवघड जातं, मग येतं. मी बिदरला होते. ओपीडीला भालकी, औराद भागातले शेतकरी जनावरं घेऊन यायचे, त्यांतले कित्येक मराठीतच बोलायचे, आणि बेंगळूरची मुलं माझ्याकडं बघायची. कन्नड मी त्याच मुलांकडून शिकले आणि त्यांना मराठी शिकवलं. बिदरहून उदगीर जवळच, तिथं महाराष्ट्राचं पशुवैद्यकीय कॉलेज. दोन्हीकडं परिषदेनं ठरवलेला एकच अभ्यासक्रम, साडेपाच वर्षं, त्यात एक वर्ष इंटर्नशिप. नोंदणीही एका राज्याच्या परिषदेतून दुसऱ्या राज्यात बदलून घेता येते. म्हणजे कर्नाटकात शिकलीस म्हणून महाराष्ट्र कायमचा बंद झाला असं होत नाही. हे मी काकांना पुष्कळदा सांगितलं आहे.

२०२२ ला लंपी, जनावरांच्या अंगावर गाठी आणणारा आजार, आला तेव्हा मी या दवाखान्यात होते. शेळ्यांच्या देवीची लस जनावरांना टोचत होतो आणि गावोगाव अफवा होती की लस टोचली की दूध आटतं, गाभण गाय गाभडते. बायका गोठ्याचं दार धरून उभ्या राहायच्या. त्यांच्याशी मी आईशी बोलते तसं बोलू शकत होते. ताप किती येईल, दूध दोन दिवस थोडं कमी होईल आणि परत येईल, गाठी आलेल्या जनावराला वेगळं कसं बांधायचं, माश्या-गोचीड कसे आवरायचे, हे सगळं त्यांच्या अंगणात बसून सांगितलं. दार सोडलं त्यांनी. पलीकडच्या कन्नड गावांत मी तेच कन्नडमध्ये सांगितलं, चुकतमाकत, तिथंही ऐकलं लोकांनी. माझ्या नोकरीतलं मला सगळ्यांत अभिमान वाटावं असं काम ते.

आता थोडं दुसऱ्या बाजूचं. नीटला चांगले मार्क पडले, गाव ८६५ च्या यादीत असलं आणि माफसूच्या त्या वर्षीच्या माहितीपुस्तिकेतल्या अटींत बसत असलीस, आणि मन खरंच महाराष्ट्रात राहायचं असेल, तर खुशाल जा, मी त्याला पळून जाणं म्हणणार नाही. काकांचं सगळंच चूक आहे असंही नाही. बदल्यांची यादी निघते तेव्हा आपल्या माणसाला आपलाच तालुका मिळेल याची हमी कुणी देत नाही, मीही आधी लांब होतेच. केपीएससीला, म्हणजे कर्नाटक लोकसेवा आयोगाच्या भरतीला, कन्नडचा पेपर पास व्हावा लागतो, म्हणून ‘जेमतेम’ कन्नडवर भागणार नाही. आजपासून रोज एक कन्नड वर्तमानपत्र वाचत जा. आणि एमबीबीएस हुकली तर बघू म्हणून यात येणार असशील तर नको येऊस. हात खांद्यापर्यंत आत घालून अडलेलं वासरू फिरवायचं असतं, तेही रात्री, पावसात, बॅटरीच्या उजेडात. मन नसलेला माणूस तिथं टिकत नाही आणि गाय मारतो.

अथणीला, आपल्याच जिल्ह्यात, आता पशुवैद्यकीय कॉलेज झालं आहे. पर्याय भरताना ते वर ठेव. माझ्या वेळी नव्हतं.

ग्रामीण दाखल्यावर मुख्याध्यापकांची सही आणि वर बीईओंची, म्हणजे गटशिक्षणाधिकाऱ्यांची, सही लागते. शाळा मधे बदलली असेल तर दोन्ही शाळांकडून घे. मे महिन्यात मुख्याध्यापक सुट्टीवर असतात, म्हणून परीक्षेच्या आधीच उरकून घे. आणि उतारा आजच काढून बघ. नाव वडिलांचं किंवा आजोबांचं असेल तर ठीक, नाहीतर वारसा लावायचं काम आत्ताच सुरू कर, कारण त्याला महिने जातात. घरात सही न देणारं कुणी असेल तर स्वतः भांडत बसू नकोस, आधी आजीला गाठ.