नॅझ आणि जे-झी या दोन अमेरिकी रॅपरांचं भांडण नेमकं काय होतं? शेवटी जिंकलं कोण?

माझ्या मते गाण्यात नॅझ जिंकला, पैशात जे-झी.

दोघेही न्यूयॉर्कचे, नॅझ क्वीन्समधल्या क्वीन्सब्रिज वसाहतीतला, जे-झी ब्रुकलिनच्या मार्सी वसाहतीतला. नॅझचा पहिला अल्बम 'इल्मॅटिक' १९९४ साली आला, तेव्हा तो विशीत होता. पुढचे अल्बम खपले, पण जाणकारांना 'इल्मॅटिक'ची धार त्यांत सापडेना. जे-झीने २००१ मध्ये 'टेकओव्हर' या गाण्यात नेमकं याच दुखण्यावर बोट ठेवलं: दहा वर्षांत एकच चांगला अल्बम! नॅझ संपला, असंच अनेकांना वाटलं. त्याच डिसेंबरमध्ये नॅझचा 'स्टिलमॅटिक' अल्बम आला आणि त्यातल्या, जे-झीला उत्तर देणाऱ्या 'ईथर' या गाण्याने बाजी पलटवली. हे गाणं इतकं जिव्हारी लागणारं होतं की रॅपमध्ये कुणाला शब्दांनी पार झोपवलं की आजही 'ईथर केलं' म्हणतात. ते जरूर ऐका, पण भाषा शिवराळ आहे.

२००५ मध्ये दोघे न्यू जर्सीत एका मंचावर आले आणि वाद मिटला. लगेच २००६ मध्ये नॅझ डेफ जॅम या रेकॉर्ड कंपनीत गेला, जिचा अध्यक्ष तेव्हा जे-झीच होता. त्याच वर्षीच्या नॅझच्या अल्बममध्ये दोघांचं एकत्र गाणंही आहे. नॅझला पहिलं ग्रॅमी मिळायला मात्र २०२१ उजाडलं, ही गोष्ट मला अजून खटकते.