रोबो राहू द्या, कराराचं तिसरं पान कुठे आहे?

प्रश्न : मी एक पटकथा लिहिली. हत्या करण्यासाठी बनवलेल्या रोबोला जाणीव येते, तो आपल्याच निर्मात्यांविरुद्ध उठाव करायचं ठरवतो आणि कारखान्यातल्या इतर यंत्रांना फितवतो. 8 जून 2021 ला एका चित्रपटसंस्थेशी करार केला, टोकन मिळालं. मग काहीच हालचाल नाही. जानेवारी 2024 मध्ये अचानक चित्रीकरण सुरू झालं. तीन महिन्यांपूर्वी ट्रेलर आला, त्यात माझं नाव नाही. पुढच्या महिन्यात प्रदर्शन आहे. कल्पना चोरली म्हणून ते थांबवता येईल का? पोलिसांत जाऊ का?

उत्तर : तुम्ही सहा पानांचं पत्र पाठवलंत. त्यातली पाच पानं ट्रेलर आणि पटकथेतल्या साम्यावर खर्ची पडली आहेत. रोबोचे लाल डोळे, पावसातला पाठलाग, ‘मला कुणी बनवलं?’ हा त्याचा प्रश्न, वगैरे. सोबत जोडलेल्या कराराची मात्र पानं 1, 2 आणि 4 एवढीच आहेत. तुमचं प्रकरण उभं राहणार की पडणार हे बहुधा तिसऱ्या पानावर ठरणार आहे, आणि फोटो काढायचं राहिलं ते नेमकं तेच. अशी पत्रं कायम येतात. कुणाची कथा भुताची असते, कुणाची खेळाडूची. चोरी झाली हे पटवून देण्यात लेखक एवढा रंगतो की आपण सही कशावर केली, हे वकिलाने विचारल्यावरच त्याला आठवतं.

साम्याचं आधी उरकून टाकू. यंत्राला जाणीव येते आणि ते बनवणाऱ्यावर उलटतं, ही कल्पना तुमची नाही आणि त्यांचीही नाही. कारेल चापेक यांच्या 1920 सालच्या नाटकात कारखान्यात तयार झालेले रोबो माणसांविरुद्ध बंड करतात. कल्पनेवर, विषयावर कॉपीराइट नसतो, तो मांडणीवर असतो, हे सर्वोच्च न्यायालयाने आर. जी. आनंद खटल्यात 1978 सालीच सांगून ठेवलं आहे. तेव्हा लाल डोळे सोडून द्या. मारेकरी यंत्राला पश्चात्ताप होतो, तेही सोडा.

तुमचं म्हणावं असं त्यात काय आहे, तर सर्व्हिसिंगची नोंदवही. तुमचा रोबो तेल बदलण्याच्या तारखा मागेपुढे करून इतर यंत्रांना उठावाचा दिवस कळवतो आणि माणसांना वाटत राहतं की देखभाल नीट चालली आहे. ही मांडणी झाली. त्याहून कामाची आहे ती तुमची चूक. दृश्य 14 मध्ये दुरुस्तीनंतर रोबोचं डावं मनगट तीन मिलिमीटर सरकलेलं राहतं आणि त्याचा नेम चुकतो. दृश्य 41 पर्यंत तुम्ही हे विसरून गेलात, तिथे तो त्याच हाताने बिनचूक गोळी झाडतो. तुमच्या म्हणण्याप्रमाणे ट्रेलरमध्ये चुकलेला नेमही आहे आणि पुढे त्याच हाताचा अचूक नेमही. एकच कल्पना दोघांना सुचू शकते, पण दोघांच्या हातून एकच चूक त्याच जागी होणं कठीण. साम्याच्या पाच पानांऐवजी या दोन गोष्टींचा एका पानाचा तक्ता करा, दृश्य क्रमांक आणि ट्रेलरमधली वेळ घालून.

हा तक्ता राखीव ठेवायचा आहे. कारण तुमच्या ईमेलला त्यांनी दिलेलं उत्तर तुम्हीच जोडलं आहे : ‘सदर पटकथेचे सर्व हक्क 2021 च्या करारान्वये आमच्याकडे आहेत.’ विकत घेतली म्हणणारा माणूस ती मुळात तुमची होती हे कबूल करून बसतो. कोर्टात ते दोन्ही बाजूंनी बोलतील, कल्पना सार्वजनिक आहे आणि नसलीच तर आम्ही ती विकत घेतली आहे, म्हणून तक्ता हाताशी हवा. पण खरा वाद चोरीचा नाही. जानेवारी 2024 मध्ये पटकथेचे हक्क कुणाकडे होते, एवढाच आहे.

कॉपीराइट कायदा, 1957 च्या कलम 19(4) प्रमाणे ज्याला हक्क लिहून दिले त्याने ते करारापासून एक वर्षाच्या आत वापरले नाहीत, तर वर्ष संपताच ती असाइनमेंट, म्हणजे हक्कांचं ते हस्तांतर, संपुष्टात आली असं धरलं जातं. त्यासाठी नोटीस लागत नाही, कोर्टाचा हुकूमही लागत नाही. अट एकच : करारात वेगळं काही लिहिलेलं नसावं. सराईत संस्था छापील करारात हमखास एक ओळ घालतात, ‘कलम 19(4) च्या तरतुदी लागू होणार नाहीत.’ लेखक ती वाचत नाहीत, आणि वाचली तरी 19(4) म्हणजे काय ते विचारत नाहीत. ती ओळ तुमच्या तिसऱ्या पानावर असेल तर पुढचं निम्मं उत्तर तुमच्या उपयोगाचं नाही. मग तुमचा झगडा नाव आणि पैसे एवढाच उरतो.

दुसऱ्या पानावर ‘कायमस्वरूपी व जगभरासाठी’ असे शब्द आहेत, त्यांनी घाबरून जाऊ नका. हक्क किती काळासाठी दिले ही एक गोष्ट आणि ते किती दिवसांत वापरायला हवेत ही दुसरी. कायद्यातही त्यांची पोटकलमं वेगळी आहेत. समोरचे वकील ‘कायमस्वरूपी’ म्हणजेच ‘वेगळं लिहिलेलं’ असा युक्तिवाद करतील. मला तो कच्चा वाटतो, पण टिकणारच नाही असं लिहून देणार नाही.

तिसऱ्या पानावर तशी ओळ नाही असं धरून पुढे जाऊ. मग असाइनमेंट जून 2022 च्या दुसऱ्या आठवड्यात संपली. त्यानंतर, 19 जुलै 2022 ला, त्यांचा व्हॉट्सॲप मेसेज आला : ‘अजून वर्षभर लागेल, चालेल ना?’ तुमचं उत्तर : ‘चालेल, निवांत करा.’ पत्रात हे तुम्ही कंसात, जाता जाता लिहिलं आहे. अहो, लाल डोळ्यांना पाऊण पान दिलंत आणि याला अर्धी ओळ!

संपलेल्या असाइनमेंटला मुदतवाढ देता येत नाही, ती नव्याने करावी लागते. कलम 19(1) प्रमाणे ती लेखी आणि तुमच्या सहीची हवी. व्हॉट्सॲपवरचं ‘चालेल’ म्हणजे सही नव्हे, असं माझं मत. हाच मेसेज सात जूनला आला असता तर हे इतक्या ठामपणे म्हणता आलं नसतं. एवढ्या दिरंगाईत निदान हा उशीर त्यांच्याकडून झालेला आहे.

पण त्यांचा वकील हुशार असेल तर असाइनमेंटचं नावच काढणार नाही. तो म्हणेल, हा परवाना आहे, म्हणजे हक्क तुमचेच, आम्हाला फक्त वापरायची परवानगी. कलम 30 मध्ये पूर्वी परवानाही लेखी आणि सहीचा लागत असे. 2012 च्या दुरुस्तीत सहीचा शब्द गेला, आता परवाना नुसता लेखी असला तरी पुरतो. ‘चालेल, निवांत करा’ हे लेखी आहे, आणि ते तुम्हीच लिहिलं आहे. तुमच्याविरुद्धचा सगळ्यात मजबूत मुद्दा हाच.

त्यावर उतारा कलम 30अ मध्ये आहे. कलम 19 च्या तरतुदी योग्य त्या फेरफारांसह परवान्यालाही लागू होतात. म्हणजे परवाना मानला तरी एक वर्षाची अट पुन्हा आली. शिवाय कोणते हक्क, किती काळ, कुठल्या प्रदेशात, मोबदला काय, यातलं काहीही त्या ओळीत नाही. 19 जुलै 2022 पासून मोजा, वर्ष जुलै 2023 मध्ये संपतं. चित्रीकरण सुरू झालं जानेवारी 2024 मध्ये.

आता त्यांच्यापुढे एकच वाट राहते. चित्रीकरण उशिरा झालं, पण हक्क वापरायला आम्ही आधीच सुरुवात केली होती, असं त्यांना दाखवावं लागेल. यासाठी सेटवर तुम्ही ज्याच्या शेजारी उभं राहून फोटो काढलात, तो रोबोचा सांगाडा महत्त्वाचा ठरतो. तो कधी बांधला? त्याची बिलं 2022 ची निघाली तर त्यांना बोलायला जागा मिळेल. तरीही सांगाडा बांधणं ही तयारी झाली, हक्काचा वापर नव्हे, असं मी मांडेन. त्या काळात त्यांनी तुमच्या पटकथेवरून चित्रीकरणाची संहिता लिहून घेतली असेल, तर प्रकरण जड जाईल, कारण रूपांतर करणं हाच एक हक्क आहे. तुम्हाला त्या दोन वर्षांत कुणी नवा मसुदा पाठवला होता का, ते ईमेलमध्ये शोधा. गैरसोयीचं सापडलं तरी मला दाखवा, ते कोर्टात पहिल्यांदा बघायची माझी इच्छा नाही.

प्रदर्शनाला मनाई मिळेल का? मला कठीण दिसतं, आणि याला कारण कायदा नाही, तुम्ही आहात. चित्रीकरणाच्या पहिल्या दिवशी तुम्ही सेटवर गेलात, फोटो टाकलात, खाली लिहिलंत, ‘माझं बाळ उभं राहतंय.’ पोस्टर आल्यावर अभिनंदन केलंत. ट्रेलरमध्ये नाव नाही हे दिसल्यावरही तीन महिने थांबलात. हक्क एकदा संपुष्टात आला असेल तर तुमच्या अशा वागण्याने तो त्यांच्याकडे परत जात नाही. पण तातडीचा मनाई हुकूम मागणाऱ्याचं वागणं कोर्ट तपासतंच, आणि ते फोटो समोरचा वकील मोठे करून दाखवेल. प्रदर्शनाच्या तोंडावर धावत येणाऱ्यांवर न्यायालयांचा राग आहे. 2017 साली मुंबई उच्च न्यायालयाने अशाच एका दाव्यात मनाई तर नाकारलीच, वर दाव्याच्या खर्चापोटी 5 लाख रुपये भरायला लावले. एरवी तारखांवर तारखा देणारी यंत्रणा लेखकाच्या तीन महिन्यांचा हिशेब मात्र चोख ठेवते. चीड येते, पण तसं आहे.

तातडी नाही असं ठरलं तर आणखी एक अडचण येते. व्यावसायिक न्यायालय कायद्याच्या कलम 12अ प्रमाणे दाव्याआधी मध्यस्थीला जावं लागतं, आणि ही अट सक्तीची असल्याचं सर्वोच्च न्यायालयाने 2022 मध्ये सांगितलं आहे. मध्यस्थी होईपर्यंत चित्रपट येऊन गेलेला असेल. म्हणून मागणी बदला. प्रदर्शन थांबवा असं न मागता श्रेयनामावलीत नाव द्या, हिशेब द्या, ठराविक रक्कम कोर्टात जमा करा असं मागा. नावाचा मुद्दा मला सगळ्यात कमी जोखमीचा वाटतो. हक्क विकले असले तरी कॉपीराइट कायद्याच्या कलम 57 प्रमाणे लेखक म्हणून ओळखलं जाण्याचा तुमचा अधिकार राहतो. चित्रपटाच्या शेवटी रोबो त्याला बनवणाऱ्याशी तडजोड करतो आणि तुमचा उठाव फुकट घालवला, ही तक्रार त्यात मिसळू नका. शेवट न आवडणं वेगळं आणि त्याने तुमच्या लौकिकाला बाधा येणं वेगळं.

नुकसानभरपाईसाठी मुदत कायद्यात उल्लंघनापासून तीन वर्षं आहेत. ती चित्रीकरणाच्या पहिल्या दिवसापासून मोजा, म्हणजे किती उरली ते कळेल. करारात लवादाचं कलम असेल तर रस्ता बदलतो. तेही तिसऱ्या पानावरच असणार, दुसरीकडे कुठे दिसत नाही.

पोलिसांत तूर्त जाऊ नका. कॉपीराइट कायद्याच्या कलम 63 खालचा गुन्हा दखलपात्र आहे हे खरं, पण समोर तुमच्या सहीचा करार आणि ‘चालेल’ असताना जाणूनबुजून उल्लंघन दाखवणं अवघड, आणि ठाण्यातून ‘हा दिवाणी वाद आहे’ असं ऐकून परत यावं लागेल.

फोन बदलला म्हणता, बॅकअप ‘असेल’ म्हणता. असेल नाही, आहे का ते आज बघा. जुना फोन घरात असेल तर तो विकू नका, रीसेट करू नका. नुसते स्क्रीनशॉट पुरत नाहीत. भारतीय साक्ष अधिनियम, 2023 च्या कलम 63 प्रमाणे इलेक्ट्रॉनिक नोंदीसोबत प्रमाणपत्र लागतं, त्याचा एक भाग तुम्ही आणि दुसरा तज्ज्ञाने भरायचा असतो. आणि त्या संस्थेतल्या कुणालाही आता एक अक्षरही पाठवू नका. सदिच्छा नको, रागही नको.

ता. क. मध्ये तुम्ही लिहिता की त्यांनी ‘औपचारिकता म्हणून’ एक पुष्टीपत्र पाठवलं आहे आणि चार दिवसांत सही मागितली आहे. पत्राची सुरुवात इथून व्हायला हवी होती. 2021 चे हक्क जिवंत आहेत अशी खात्री असणारा माणूस प्रदर्शनाच्या तोंडावर पुष्टी कशाला मागेल? त्यांच्या वकिलाने तिसरं पान वाचलं असावं आणि हवी ती ओळ त्याला तिथे सापडली नसावी, असा माझा अंदाज आहे. अंदाजच, कारण असली पत्रं कधी कधी चित्रपट विकत घेणारे मागतात म्हणूनही फिरतात.

त्यावर सही करू नका आणि नकारही कळवू नका. त्यांनी परस्पर खात्यात पैसे टाकले तर हक्क राखून ठेवल्याचं त्याच दिवशी वकिलामार्फत लेखी कळवा. मग त्याच पुष्टीपत्रावर वाटाघाट करा : श्रेयनामावलीत ‘कथा-पटकथा’ म्हणून स्वतंत्र पाटी, उरलेली रक्कम प्रदर्शनाआधी, आणि हक्क या एका चित्रपटापुरते. पुढचे भाग, मालिका, गेम यांत तो रोबो वापरायचा असेल तर नवा करार. त्यांच्या मसुद्याच्या दुसऱ्याच ओळीत ‘8 जून 2021 पासून अखंडपणे’ असे शब्द आहेत. बाकी काहीही मान्य केलंत तरी ते शब्द खोडल्याशिवाय सही करू नका.