तिरका बॉब: कात्री लागण्याआधीचे प्रश्न

मागे मानेवर आखूड आणि पुढे हनुवटीकडे लांब होत जाणारा बॉब हवा, म्हणून मोबाइलमधला फोटो पुढे करणाऱ्यांचे प्रश्न थोड्याफार फरकाने तेच असतात. म्हणून एकत्र उत्तरं देते.

चेहरा गोल आहे. हा कट शोभेल का?

शोभेल. पुढची टोकं हनुवटीच्या दोन बोटं खाली ठेवायला सांगा.

वारंवार कापल्याने केस दाट होतात ना?

नाही.

माझे केस कुरळे आहेत. पार्लरमध्ये म्हणाले, आधी केराटिन करून सरळ करा, नाहीतर तिरका कट दिसणारच नाही. त्यांचं प्रॉडक्ट ‘फॉर्मल्डिहाइड-फ्री’ आहे. करू का?

नको. कुरळ्या केसांतही उतार छान दिसतो, फक्त कापणाऱ्याला कुरळे केस कापता यायला हवेत. ओले केस ताणून कापले की वाळल्यावर प्रत्येक बट कमी-जास्त आखडते आणि उतार मोडतो. म्हणून असे केस वाळलेले असताना, एकेक बट बघून, पहिल्या खेपेला लांबी हातची राखून कापतात. यात वेळ जातो. सरळ करून कापणं सोपं, शिवाय बिलही वाढतं. हा आग्रह बहुतेकदा तिथूनच येतो.

आता त्या ‘फ्री’विषयी. केस सरळ करणाऱ्या अनेक द्रावणांत फॉर्मल्डिहाइड असतं, किंवा गरम इस्त्री फिरली की सुटतं. आंतरराष्ट्रीय कर्करोग संशोधन संस्थेने २००४ साली ते माणसात कर्करोग घडवणाऱ्या पदार्थांत धरलं. डब्यावर तेच नाव असेल असं नाही. ‘फॉर्मलिन’ किंवा ‘मिथिलीन ग्लायकॉल’ लिहिलेलं असतं. ग्लायऑक्झिलिक ॲसिडवाली द्रावणं सुरक्षित म्हणून खपवली जातात, पण ती वापरल्यावर मूत्रपिंडाला इजा झालेल्या रुग्णांच्या नोंदी वैद्यकीय नियतकालिकांत आल्या आहेत. तेव्हा घटकांची यादी मागा. दाखवायला टाळाटाळ झाली तर तिथून निघा. ‘मैत्रिणीने केलं, तिला काही झालं नाही’ हा पुरावा नव्हे. दमा, मूत्रपिंडाचा त्रास, गरोदरपण किंवा अंगावर पाजणं, यांपैकी काहीही असेल तर डॉक्टरांना विचारल्याशिवाय खुर्चीत बसूच नका.

ट्रिम किती दिवसांनी?

६ ते ८ आठवड्यांनी. केस महिन्याला साधारण १ सेंटीमीटर वाढतात. लांब केसांत ते कळत नाही, इथे मात्र मानेवरचे केस कॉलरला टेकून बाहेर वळू लागतात. तीन-चार महिन्यांनी आलात तर ट्रिम होत नाही, कट नव्याने बसवावा लागतो.

बाळंतपणाला चार महिने झाले, केस मूठमूठ गळतात. आखूड केल्याने थांबेल?

थांबणार नाही, गळती मुळाशी असते. बाळंतपणानंतर तिसऱ्या-चौथ्या महिन्यात असं होतं आणि बहुतेकींचे केस वर्षभरात सावरतात. पण भांग रुंदावला, चकत्या पडल्या किंवा फार थकवा असला तर तेलं बदलत महिने घालवू नका. त्वचारोगतज्ज्ञांकडे जा, ते थायरॉइड आणि लोह तपासायचं का, ते ठरवतील.

मानेवर भोवरा आहे, तिथले केस उभे राहतात. काय करू?

मागची लांबी थोडी जास्त ठेवून भोवरा झाकता येतो. थिनिंग कात्री तिथे लावू देऊ नका, आखूड टोकं आणखी उभी राहतात. फोटोवरून हे ठरत नाही. केस धुऊन, आपोआप वाळू देऊन, तेल-जेल न लावता स्टायलिस्टला आधी नुसते दाखवून या. कटची वेळ नंतर ठरवा.