रानड्यांचा विवाह आणि रानड्यांचा विचार

प्रिय मित्रा,

सप्रेम आशीर्वाद.

विधवाविवाहाचा कैवार घेणाऱ्या न्यायमूर्ती रानड्यांनी पहिल्या पत्नीच्या निधनानंतर, १८७३ साली, वडिलांच्या आग्रहापुढे नमून अकरा वर्षांच्या मुलीशी लग्न केले, हे नुकतेच तुझ्या वाचनात आले आणि यापुढे त्यांचे एक अक्षरही वाचणार नाही, असे तू कळवलेस. कालपर्यंत तू त्यांच्याविरुद्ध शब्द ऐकून घेत नव्हतास. मला या दोन्ही अवस्थांमध्ये फारसे अंतर दिसत नाही, कारण दोन्ही वेळा तू माणसाचा निवाडा केलास आणि त्याची मांडणी तशीच बाजूला राहिली.

तो विवाह झाकून ठेवावा किंवा काळाची सबब पुढे करून त्याची धार बोथट करावी, असे मी म्हणणार नाही. पुण्याच्या पंचहौद या ख्रिस्ती मिशनमध्ये चहा घेतल्याबद्दल सनातन्यांनी उठवलेल्या प्रकरणातही त्यांनी अखेर प्रायश्चित्त घेतले, हेही तुला ठाऊक असावे. पण विधवेला पुन्हा संसार करण्याचा हक्क आहे, या विधानाची कारणे रानड्यांच्या घरात काय घडले यावर अवलंबून नाहीत. ती आजही तपासता येतात. परंपरेशी नाते न तोडता, शास्त्रांचा आधार शोधत सुधारणा करावी, या त्यांच्या मताचे मात्र तसे नाही. आप्तांना सोबत घेऊन चालणारी सुधारणा ऐन वेळी किती माघार घेते, या प्रश्नावर त्यांचे स्वतःचे वागणे हाच पुरावा ठरतो, आणि केवळ बुद्धिप्रामाण्यावर उभे राहणाऱ्या आगरकरांचा मार्ग त्याच्या शेजारी ठेवून पाहावा लागतो. चरित्र कोणत्या विधानाला लागू पडते आणि कोणत्याला नाही, हे दर वेळी वेगळे ठरवावे लागते. या कामाला वेळ लागतो, पण त्याला पर्याय मला सापडलेला नाही.

१८ जानेवारी १९४३ रोजी, रानड्यांच्या जयंतीला, डॉ. आंबेडकरांनी पुण्यात डेक्कन सभेच्या निमंत्रणावरून भाषण केले. रानडे, गांधी आणि जिना यांची तुलना करताना मोठेपणासाठी केवळ प्रामाणिकपणा पुरत नाही, सामाजिक हेतूही लागतो, अशी कसोटी त्यांनी आधी मांडली आणि मगच रानड्यांचा गौरव केला; आणि गौरव करतानाच रानड्यांच्या उदारमतवादी पक्षाला संघटना उभारता आली नाही, हा दोषही दाखवला. जयंतीच्या दिवशी हे बोलायला धैर्य लागते. पुढे २५ नोव्हेंबर १९४९ रोजी संविधान सभेत त्यांनी राजकारणातली भक्ती हुकूमशाहीकडे नेते असा जो इशारा दिला, त्याची बीजे मला या भाषणात दिसतात. पण ते भाषणही श्रद्धेने डोक्यावर घेऊ नकोस. त्यातल्या गांधींवरच्या टीकेतले प्रत्येक विधान त्यांच्याच कसोटीवर घासून पाहा.

आता एक काम सांगतो. रमाबाई रानड्यांच्या, म्हणजे त्याच अकरा वर्षांच्या मुलीने पुढे लिहिलेल्या, आठवणी वाच. त्या घरात त्या मुलीला शिकताना काय सोसावे लागले आणि शिकवणारा कसा होता, हे तिच्याच शब्दांत कळेल. त्यानंतर रानड्यांचे भारतीय अर्थशास्त्रावरचे १८९२ सालचे, डेक्कन कॉलेजातले व्याख्यान वाच. इंग्लंडात रचलेले सिद्धांत सर्व देशांना सारखेच लागू पडत नाहीत, असे ते त्यात म्हणतात. त्यासाठी त्यांनी दिलेली कारणे एका कागदावर उतरव, त्यातले कोणते टिकत नाही आणि का, ते शेजारी लिही, आणि तो कागद मला पाठव.

तुझा हितचिंतक